घरच्या माणसांना पत्र नाही

माझी लेक दिवसातले साडेपाच तास माझ्यापासून चार बोटांवर असते. दुसरी अ आणि दुसरी ब या दोन वर्गांमधली घडीची लाकडी भिंत तेवढीच जाड आहे. मी अ ची बाई, ती ब मध्ये. आमच्या मोठ्या बाईंचा नियम आहे: शिक्षिकेचं मूल तिच्याच वर्गात नको, आणि फाटकाच्या आत आईला आई म्हणायचं नाही, बाकीची मुलं म्हणतात तसं बाईच म्हणायचं. हा नियम ठरला तेव्हा मीसुद्धा मान हलवली होती. मुंगी तेव्हा पाळणाघरात होती, आणि दुसऱ्याच्या पोराबद्दल नियम करताना मान फार सहज हलते.

मुंगी हे तिचं घरचं नाव. चालायला लागल्यापासून सतत काहीतरी वाहून नेत असते. चमचा, एकटा मोजा, कुणाचं तरी बटण. नेते कुठे ते विचारायचं नाही, विचारलं की बसकण मारते.

भिंतीपलीकडच्या बाईंना मुलं हसऱ्या बाई म्हणतात. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचं हसणं आधी पोटात सुरू होतं, मग खांद्यात येतं आणि शेवटी आवाज. त्या हसल्या की अख्खा ब वर्ग हसतो आणि त्या बत्तीस हसण्यांतून एक हसणं मला वेगळं ऐकू येतं. शेवटी उचकी लागल्यासारखं. ते माझ्या घरातलं आहे. फळ्याकडे पाठ करून मी वजाबाकी शिकवत असते, आणि माझ्या घरातली वस्तू कुणीतरी शेजारी वापरत असावं तसं वाटतं.

घरी तर बोलायलाच नको. पोळी तव्यावर टाकली की, "आमच्या बाई म्हणतात, आधी पानात थोडंच घ्यावं." केस विंचरायला बसवलं की, "आमच्या बाई सांगतात, गुंता टोकाकडून सोडवायचा." एकदा मी म्हटलं, "अगं, मीही बाईच आहे."

"तू अ ची आहेस," मुंगी म्हणाली. तिच्या बाबांनी तोंडातला घास सांभाळत ताटात बघितलं. माणूस हसू दाबतो तेव्हा त्याचे कान हलतात, हे मला लग्नानंतर कळलं.

त्यात तिचं श्रुतलेखन. हसऱ्या बाई दर बुधवारी दहा शब्द सांगतात आणि मुंगी त्यातले चार-पाच भलतेच लिहून येते. चुकीचे नाहीत, भलतेच. बाईंनी सांगितलेलं असतं 'पाऊलवाट' आणि वहीत असतं 'दोरखंड'. मी वही बघून म्हणायची, "काय ऐकतेस गं वर्गात? का तिथे नुसतं हसणंच चालतं?" ती ओठ मुडपून बसायची. मनातून मला, खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटायचं. म्हटलं, बघा, हसून शिकवलं की हे असं होतं.

मोठ्या सुट्टीच्या आधीचा आठवडा आमच्याकडे पत्रांचा असतो. सुट्टीचा कार्यक्रम शेवटच्या दिवशी, पण त्याच्या आधी पाच दिवस व्हरांड्यात पत्रपेटी ठेवतात. फ्रिजच्या खोक्याला लाल कागद डकवून केलेली. मुलांनी शाळेतल्या कुणालाही पत्र लिहावं, मधल्या सुट्टीपर्यंत पेटीत टाकावं. दुपारी पत्रं वर्गवार लावायची, आणि शेवटच्या तासाला शिपाईमामा खाकी टोपी घालून वर्गावर्गात वाटतात. त्या टोपीसाठी मामा वर्षभर थांबलेले असतात.

या वर्षी पोस्टमास्तर मी होते. पेटीवरचे नियमही माझ्याच अक्षरात:

पत्र शाळेतल्या माणसांनाच लिहावे. घरच्या माणसांना पत्र नाही.
ज्याचे पत्र त्यानेच उघडावे.
उत्तर आले नाही तर विचारू नये.

पहिला नियम मी घातला तो गेल्या वर्षीच्या अनुभवावरून. निम्मी पत्रं 'प्रिय आई, मला चोवीस रंगांची पेटी हवी' अशी. ती कुणी आणि कुठे पोचवायची? तिसरा घातला तो रडारडीवरून. 'मी तुला लिहिलं, तू मला का नाही लिहिलंस' म्हणून दोघींनी एकमेकींच्या कार्यक्रमासाठी केलेल्या कागदी टोप्या फाडल्या होत्या. एकूण नियम शहाणे होते. ते माझ्यावरच उलटतील असं त्यांच्या तोंडाकडे बघून कुणाला वाटलं नसतं.

पहिल्या दिवशी पेटी उघडली. कलासाहित्याच्या खोलीत जमिनीवर बसून मी ढीग लावत होते. मुंगीचं अक्षर मला लांबूनही ओळखू येतं, तिच्या ओळी डोंगर चढतात. पाकिटावर लिहिलेलं होतं, 'हसऱ्या बाईंना'. मी ते ब च्या ढिगावर ठेवलं. ठीक आहे. सगळीच मुलं आपापल्या बाईंना लिहितात. माझ्या वर्गातूनही मला सात आली होती, त्यातल्या चारांत 'गृहपाठ कमी द्या' होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हसऱ्या बाईंना. तिसऱ्या दिवशी दोन. एक सकाळचं असावं, एक मधल्या सुट्टीतलं. एकावर जेवणाच्या डब्याचा तेलकट अंगठा होता. तो डबा मी भरला होता.

हसऱ्या बाई प्रत्येक पत्राला घंटा व्हायच्या आत उत्तर लिहून हातात देतात. मुंगीने ती उत्तरं घरी आणून उशीच्या अभ्र्यात ठेवली. मी सहज, अगदी सहज विचारलं, "काय गं लिहितात तुझ्या बाई?"

"ते शाळेचं आहे."

"मला सांगितलंस तर काय होईल?"

"ज्याचं पत्र त्यानेच उघडावं," ती म्हणाली. माझ्याच नियमाने मला गप्प केलं.

तिचे बाबा खुर्चीतून म्हणाले, "काय हो, तुम्ही पोस्टमास्तर का पोलीस?"

"तुम्हाला गंमत वाटते. तुमच्यापासून कुणी काही लपवत नाही."

"माझ्याकडे लपवण्यासारखं कोण काय आणणार? मी आपला कणीक मळून देतो आणि तक्रार नाही."

त्या दिवशी मी उशीचा अभ्रा बदलायला काढला आणि मग तसाच परत घातला. पत्रं उघडली नाहीत. पण हाताला कागद लागेपर्यंत हात आत गेला होता, हे सांगायलाच हवं.

चौथ्या दिवशी पेटीत जे आलं ते जाड होतं. पाकीट चारी बाजूंनी डिंकाने बंद, वर डिंकाची बोटं उमटलेली, आणि मागे रंगीत पेन्सिलीने काढलेल्या दोन वेण्या. नुसत्या वेण्या, डोकं नाही. 'हसऱ्या बाईंना. महत्त्वाचे आहे.'

महत्त्वाचे! आमच्या घरात तिला महत्त्वाचं म्हणून आजवर दोनच गोष्टी सांगायच्या होत्या: दात हलतोय, आणि शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली. दोन्ही वेळा ती धावत माझ्याकडे आली होती. मी ते पाकीट ब च्या ढिगावर ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. बाहेर मामा टोपी नीट करत खोकले. मी पाकीट हजेरीपटात सरकवलं आणि ढीग त्यांच्या हातात दिला.

एवढंच केलं. चोरीला फार वेळ लागत नाही.

त्या दिवशी मुंगीला उत्तर आलं नाही. घरी येताना रस्त्यात फुटपाथच्या कडेवरून तोल सांभाळत चालते, ती त्या दिवशी सरळ चालली. जेवताना म्हणाली, "आई, बाई माणसावर रागावल्या तर कसं कळतं?"

"कोण बाई?"

"कुणीपण."

"बोलत नाहीत."

"हसतात पण बोलत नाहीत असं असतं का?"

मी म्हटलं, "असेल." मग ती उठून माझ्या मांडीवर येऊन बसली. सात वर्षांची झाल्यापासून ती मांडीवर बसत नाही, पाय लांब झालेत म्हणते. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, दंडावर ओलं लागलं, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवू लागले. ते रडणं माझ्यामुळे होतं. तरी त्या क्षणी मला वाटलं ते लिहिते: आली माझ्याकडे. शेवटी आली की नाही माझ्याकडे!

पाचव्या दिवशी, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी, सकाळी शाळेत तिने फाटकाशी माझा हात सोडला आणि वर्गात न जाता व्हरांड्यात पेटीजवळ उभी राहिली. माझा तिसरा नियम वाचत होती. एक एक अक्षर बोटाने. हसऱ्या बाई तिथून गेल्या, "काय गं, टोपी रंगवून झाली का?" म्हणाल्या, तर हिने मान खाली घातली. बाई क्षणभर थांबल्या. हसल्या नाहीत. पुढे गेल्या.

पहिल्या तासाला मी मुलांना कागदाच्या साखळ्या करायला बसवलं आणि कलासाहित्याच्या खोलीत जाऊन दार लोटलं. पाकिटाचा डिंक सुटेना. शेवटी पट्टीने फाडलं. आत वहीचे दोन कागद.

'हसऱ्या बाई, एक विचारायचं आहे. अ च्या बाई माझी आई आहे. ते तुम्हाला माहीत आहे. पण शाळेत आई नाही म्हणायचं. पेटीवर लिहिलंय घरच्या माणसांना पत्र नाही. तर ती घरची आहे का शाळेची? मी एक पत्र लिहून ठेवलंय. कंपासपेटीत आहे. तुम्ही हो म्हणालात तर टाकीन. नाही म्हणालात तर फाडून टाकीन. ती मला विचारते तुझ्या बाई काय लिहितात. तिला पण पत्र पाहिजे असं मला वाटतं. तिला विचारू नका, नियम तिनेच केलाय, ती नाहीच म्हणेल.'

दुसऱ्या कागदावर नुसतंच लिहिलं होतं, 'उद्या शेवटचा दिवस आहे म्हणून लवकर सांगा.'

'उद्या' म्हणजे आज.

मी किती वेळ खोक्यावर बसून होते कोण जाणे. भिंतीपलीकडून माझ्याच वर्गाचा गोंधळ यायला लागला तेव्हा उठले. आधी वाटलं, सरळ मुंगीला बाजूला घेऊन सांगावं, टाक गं पत्र. पण तिने मला विचारलंच नव्हतं. मग वाटलं, हसऱ्या बाईंच्या अक्षरात 'हो' लिहून मामांच्या डाकेच्या पिशवीत टाकावं. हे वाटलं, आणि मग मात्र माझी मलाच किळस आली.

हसऱ्या बाई बाकावर उभ्या राहून खिडकीला साखळी बांधत होत्या, चिकटपट्टीचा तुकडा ओठांत धरलेला. ब ची मुलं मैदानावर गेली होती.

"बाई, तुमचं एक पत्र."

"मामा वाटतील की गं दुपारी."

"कालचं आहे. माझ्याकडे राहिलं. म्हणजे, मी ठेवून घेतलं. आणि उघडलंही."

त्या खाली उतरल्या. पत्र वाचलं. दुसरा कागदही वाचला. चिकटपट्टी अजून ओठांत होती, ती काढून त्यांनी बाकाला चिकटवली.

"पोर कालपासून माझ्याकडे बघत नाहीये. मला वाटलं माझंच काही चुकलं. मी काल दिवसभर आठवतेय, कुठे टाकून बोलले का हिला."

"चूक माझी—"

"तुझीच. आणखी कुणाची?" त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "हेवा वाटला ना?"

मी मान हलवली. यावेळी सहज हलली नाही.

"मला वाटत नाही का? रोज घंटा झाली की दप्तर खांद्यावर घ्यायच्या आत ती तुझ्या दारात असते. मी म्हणते, 'उद्या भेटू हं,' तर कुणाला? मोकळ्या बाकाला. तीस वर्षांत मी कुणाचं पत्र ठेवून नाही घेतलं."

"आता काय करू?"

"तू काही करायचं नाहीस. पत्र मला आलंय, उत्तर मी देणार. आणि काय देणार ते तुला सांगणार नाही." त्यांनी वहीचा कागद टरकन फाडला, हाताच्या आडोशाने दोन ओळी लिहिल्या, घडी घातली, वर 'दुसरी ब, पट क्रमांक सतरा' लिहिलं आणि माझ्या हातात दिला. "पोस्टमास्तर ना तू? पोचव."

ती घडी मी तशीच नेली. चिकटवलेलीही नव्हती. हे त्यांनी मुद्दाम केलं असणार.

मामांना मी म्हटलं, "आज डाक दोनदा वाटायची. एक कार्यक्रम सुरू होताना, एक शेवटी."

"दोनदा? नियमात आहे का हो बाई?"

"नियम मीच केलेत."

"मग टोपी दुपारभर काढायला नको," मामा खूश झाले.

दुपारी मधली भिंत घडी करून बाजूला सरकवली. वर्षातून एकदाच सरकते, चाकं किंचाळतात आणि मुलं त्याहून मोठ्याने. चौसष्ट मुलं, चौसष्ट कागदी टोप्या, बिस्किटांच्या ताटल्या, सरबताचे पेले, त्यातले सहा पहिल्या पाच मिनिटांत सांडले. माझ्या वर्गाने नाच केला, त्यात एकाची टोपी डोळ्यांवर आली आणि तो शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून नाचला. हसऱ्या बाईंचे खांदे हलायला लागले. मी मुंगीला शोधत होते.

ती खिडकीखाली उकिडवी बसून घडी उघडत होती. ओठ हलत होते. वाचून झालं तरी पुन्हा वाचलं. मग उठली, गर्दीतून कोपरं मारत दप्तरापर्यंत गेली, कंपासपेटी उघडली. व्हरांड्यात गेली. मला दारातून पेटीचा लाल कोपराच दिसत होता. ती टाकतेय की फाडतेय ते दिसेना, आणि माझ्या हातातल्या जगमधलं सरबत पेल्यात न पडता एका मुलाच्या बुटात पडत होतं.

"बाई! माझा मोजा!"

मामांनी पेटी पुन्हा उघडून दुसरी डाक वाटली. कुणाला दोन, कुणाला तीन. पिशवीच्या तळाशी हात घालून त्यांनी मुलांना मारावी तशी मला हाक मारली, "दुसरी अ च्या बाऽई!"

पत्र चिकटवलेलं नव्हतं, पण इतक्या घड्या घातल्या होत्या की त्याची सुपारी झाली होती. ओळी डोंगर चढत होत्या.

'अ च्या बाईंना नमस्कार. तुम्ही डस्टर आपटता तेव्हा आमच्या फळ्यावरचा खडू पडतो. मुलं तुम्हाला डस्टरबाई म्हणतात, मी म्हणत नाही. तुम्ही बुधवारी श्रुतलेखन सांगता ते आमच्याकडे ऐकू येतं. मी आमचे शब्द सोडून तुमचे लिहिते. म्हणून माझे चुकतात. आमच्या बाईंना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल. परवा तुम्ही तुमच्या वर्गातल्या मुलीची वेणी घालून दिलीत. ती पडली होती म्हणून. मला फटीतून दिसलं. तिला दोन घातल्या. मला घरी एकच घालता, उशीर होतो म्हणून. मला पण शाळेत घाला. एकदाच. सगळ्यांसमोर. पट क्रमांक सतरा, दुसरी ब.'

दोरखंड! बुधवारी मीच तर सांगितला होता. चार महिने तिच्या वहीत माझेच शब्द येत होते आणि मी त्यावर तिला रागावत होते. काखेत कळसा म्हणतात, माझा तर घरातच होता.

मी दोन्ही वर्गांच्या मधोमध, जिथे भिंत असते त्या खाचेवर खुर्ची ठेवली. टेबलाच्या खणातून कंगवा काढला. "पट क्रमांक सतरा!"

ती आली. टोपी काढून हातात घेतली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी टोकाकडून गुंता सोडवायला घेतला. ते तिच्या लक्षात आलं, मान जरा ताठ झाली.

"तुझं एक पत्र बाईंना उशिरा पोचलं," मी हळूच म्हटलं. "ते माझ्याकडे होतं."

"विसरलात?" शाळेत ती मला 'तुम्ही' म्हणते.

"नाही. ठेवून घेतलं. आणि उघडलं."

तिची पाठ हलली नाही. केस माझ्या हातात होते, वळून बघता येत नव्हतं, आणि मला ते बरं वाटलं. "का?"

"मला आलं नव्हतं म्हणून."

एक वेणी झाली.

"हे नियमात नाही बसत," ती म्हणाली.

"नाही."

"मग बाईंना सॉरी म्हणालात?"

"म्हणाले." खरं म्हणजे म्हणायचं राहूनच गेलं होतं. मी मान वर करून पलीकडे बघितलं. हसऱ्या बाई बिस्किटांची ताटली घेऊन उभ्या होत्या. "नाही म्हणाले अजून. म्हणते."

"माझी झाल्यावर," मुंगी म्हणाली. "आधी दुसरी घाला. घट्ट."

दुसरी वेणी अर्ध्यावर आली तेव्हा मला कळलं की खुर्चीमागे रांग लागली आहे. अ च्या मुली, ब च्या मुली, हातात रिबनी, रबर, एकीच्या हातात कागदी साखळीचा तुकडा. माझ्या वर्गातली ती परवा पडलेली मुलगी सगळ्यांत पुढे. "बाई, नंतर माझी हं. तुम्ही छान घालता."

मुंगीने वेणी झाल्याचं हाताने चाचपून बघितलं. एकीकडून, दुसरीकडून. मग वळून त्या मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "बाई आता दमल्यात."

आणि माझ्या मांडीवर बसली. टोपी, कंगवा, लांब पाय, सगळ्यासकट. पलीकडे हसऱ्या बाईंचे खांदे हलायला लागले होते.